जेम्माचे सहा गुण

जेम्मा देबोनो माझ्या औषधांच्या दुकानात वीसेक वर्षं उभी होती. माल्टातल्या आमच्या हाल मिरो गावात औषधांचं दुकान एकच, त्यामुळे कोणाला मूळव्याध आहे, कोणाच्या सुनेला दिवस गेलेत, कोणाचा नवरा झोपेच्या गोळ्या नेतो, सगळं तिला ठाऊक असायचं. त्यातलं अक्षरही तिच्या तोंडून बाहेर पडत नसे. ती भरभरून बोलायची ती फक्त गाण्यांबद्दल, आणि गाण्यांबद्दल म्हणजे युरोव्हिजनबद्दल, युरोपातल्या देशांच्या दर वर्षीच्या गाण्यांच्या स्पर्धेबद्दल.

तिचा बाप रेडिओ दुरुस्त करायचा. गच्चीवरची अँटेना त्याने सिसिलीकडे वळवून बांधली होती, आणि आमचा देश त्या स्पर्धेतून बाहेर होता त्या सगळ्या वर्षांत बापलेक इटालियन टीव्हीवर दुसऱ्यांची गाणी ऐकत बसायचे. पुढे माल्टा पुन्हा स्पर्धेत उतरला आणि अख्खं बेट वेडं झालं. मग लोकांना कळलं की जेम्मा आपल्या आधीपासून वेडी आहे. फिनलंडच्या कुठल्या गाण्यात कोण मागे उभं राहून गात होतं, तेही ती सांगायची. तिच्या घरात तर जेवणालाही स्पर्धेसारखे बारापैकी गुण मिळायचे. सशाचं कालवण बिघडलं की तिचा नवरा वीजी ताटाकडे बघत म्हणायचा, “चार. आणि तेही बटाट्यासाठी.”

आमच्या गावात बँड क्लब दोन, तारा आणि गरुड. दोघांचे संत वेगळे, रंग वेगळे, उखळी बार उडवायच्या जागा वेगळ्या. ताराची मुलगी गरुडाच्या घरात द्यायची म्हणजे लग्नात दोन केक लागतात. जेम्मा आणि वीजी जन्माने ताराचे. वीजी ताराच्या बँडमध्ये बॉम्बार्डिन वाजवायचा, ते पोटाशी धरायचं मोठं पितळी वाद्य. त्याच्या आधी त्याचा बाप तेच वाजवायचा.

त्या हिवाळ्यात ताराचा अध्यक्ष ग्रेझ्यू कुतायार याची मुलगी मार्विक देशाच्या निवड फेरीच्या अंतिम स्पर्धेत पोचली. जो जिंकेल तो मे महिन्यात साऱ्या युरोपसमोर गाणार. गावात जत्रेसारखे झेंडे लागले. ग्रेझ्यू दगडाच्या खाणीचा मालक, आवाज खाणीसारखाच. त्याने राजधानीतल्या, वालेत्तातल्या एका नावाजलेल्या संगीतकाराकडून गाणं करवून घेतलं, दोन बसगाड्या ठरवल्या आणि बायकांना ताऱ्याच्या चिन्हाचे निळे रुमाल वाटले. मार्विक एकोणीस-वीस वर्षांची, शांत, बापाच्या मागे अर्धं पाऊल चालणारी पोर होती.

अशात एका सकाळी दुकानात जेम्मासाठी फोन आला. तिने ऐकून घेतलं, “माझ्या गावची एक मुलगी आहे त्यात,” असं म्हणाली, पुन्हा ऐकत राहिली, आणि शेवटी हळूच “बरं” म्हणून फोन ठेवला. दुपारी दुकान बंद करताना माझ्यासमोर येऊन उभी राहिली. गावात मला सगळे सुर नार्दू म्हणतात, ‘सुर’ म्हणजे आमच्याकडे श्रीयुत.

“सुर नार्दू, मला पुढच्या शनिवारी सुट्टी हवी. कारण विचारलंत तर सांगावं लागेल, म्हणून विचारू नका.”

मी विचारलं. परीक्षकांमध्ये साध्या श्रोत्यांमधून काही जण घ्यायचे होते आणि तिचं नाव निघालं होतं. नातं नसेल तर हरकत नाही, एवढ्याशा बेटावर प्रत्येकाच्या गावचं कोणीतरी असतंच, असं त्यांनी सांगितलं होतं. अट एकच होती. निकाल लागेपर्यंत कोणाला कळता कामा नये, घरातही नाही.

“वीजीला पण नाही?” मी म्हणालो.

“वीजीला कळलं तर बँडला कळलं.” ती हसली. त्यानंतर कितीतरी महिने मी तिला हसताना पाहिलं नाही.

दुसऱ्याच दिवशी ग्रेझ्यूने क्लबच्या हॉलमध्ये सगळ्यांसमोर मार्विकला गायला लावलं. मीही गेलो होतो. गाणं भव्य होतं, शेवटी सूर एकदम वर चढायचा आणि पोरगी मानेच्या शिरा ताणून तिथवर पोचायची. लोकांनी टाळ्यांनी हॉल डोक्यावर घेतला. ग्रेझ्यूने हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि जेम्माकडे वळला. गावात गाण्यावर शेवटचा शब्द तिचा, हे तोही मानायचा.

“बोल जेम्मा. किती?”

मी तिच्या शेजारीच होतो. तिने रुमालाची घडी घातली, उलगडली.

“झगा फार सुंदर आहे,” ती म्हणाली.

लोक हसले, त्यांना वाटलं थट्टा करतेय. ग्रेझ्यू हसला नाही. मार्विकही नाही. ती जेम्माच्या तोंडाकडे बघत होती.

परत येताना मी विचारलं, तेव्हा जेम्मा म्हणाली की पट्टी फार वरची घेतलीय. मुलीचा खरा आवाज दुसऱ्या कडव्यात आहे, खालच्या सुरांत, तिथे ती गाते, बाकी सगळीकडे ती ओझं उचलते. आणि हे मुलीला आत्ता सांगायची मला बंदी आहे, असंही ती म्हणाली. घरी वीजी रोज विचारत होता की तू मनापासून कौतुक का करत नाहीस, लोक माझ्याकडे बघतात. ती डोकं दुखतंय म्हणून उठून जायची. गोळ्या मात्र घ्यायची नाही, कारण डोकं दुखत नव्हतं.

शुक्रवारी संध्याकाळी ग्रेझ्यू रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला आला. दुकानातली दोन माणसं जाईपर्यंत खोकल्याच्या बाटल्यांवरची नावं वाचत उभा राहिला. मी आतल्या खोलीत मलम घोटत होतो, दार उघडं होतं.

“बेट लहान आहे, जेम्मा,” तो म्हणाला. खाणीसारखा आवाज त्या दिवशी अगदी खाली होता. “उद्या तू कुठल्या खुर्चीत बसणार, ते मला कळलंय.”

जेम्माने त्याच्या गोळ्यांचं पाकीट पुढे सरकवलं.

“मी काही मागायला आलो नाही. एवढंच विचारतो. तुझा बाप गेला तेव्हा घरात चार पुरुष नव्हते. खांदा कोणी दिला?”

“ताराने.”

“कबरीपर्यंत बँड कोणी वाजवला?”

“ताराने, सुर ग्रेझ्यू.”

“बस्स,” तो म्हणाला आणि निघाला. गोळ्या तिथेच राहिल्या. जेम्मा पाकीट घेऊन त्याच्यामागे चौकापर्यंत धावली, त्याच्या हातात ठेवलं आणि परत आली तेव्हा तिचा रंग उतरला होता. तिने फोन उचलला, आकडे फिरवले, पलीकडे घंटी वाजू लागताच ठेवून दिला.

“नाव काढून घ्यायचं होतं,” ती म्हणाली. “पण आता काढलं तर भ्याले म्हणून काढलं.”

शनिवारी ती बहिणीकडे जाते असं सांगून घरातून गेली. आम्ही गाववाले दोन बसगाड्या भरून वालेत्ताला पोचलो. वीजी माझ्या शेजारी, गुडघ्यावर निळा रुमाल. हॉलमध्ये प्रत्येक गायकाच्या गावचे, नात्यातले लोक आपापले फलक घेऊन बसलेले, आणि त्यांच्यामध्ये ते खरे वेडे, दर वर्षी सगळी गाणी तोंडपाठ करून येणारे, मांडीवर कागद घेऊन गुण लिहिणारे. परीक्षक पडद्यामागे होते.

मार्विक आली तेव्हा आमच्या बाकांनी जमीन हादरवली. दुसरं कडवं तिने असं म्हटलं की त्या कागदवाल्यांनीही माना वर केल्या. मग शेवटचा सूर आला. फाटला नाही, पण पातळ झाला, पाणी घालून पुरवलेल्या चहासारखा. आमच्या लोकांनी इतका आरडाओरडा केला की बहुतेकांना तो ऐकूच गेला नाही. तिच्यानंतर शेजारच्या गोझो बेटावरची एक मुलगी आली, जोर्जा नावाची. तिच्याबरोबर एक गिटारवाला आणि पाठीमागे दोन बहिणी गायला, बस्स. तिने असं काही म्हटलं की टाळ्या वाजवायला लोकांना जरा उशीर झाला.

निकाल एकेका परीक्षकाचा वाचून दाखवत होते, नावाने नाही, क्रमांकाने. सगळ्यात आवडत्या गाण्याला बारा, मग दहा, आठ, सात आणि पुढे एकेकाने उतरत; वाचायचे मात्र गाण्यांच्या क्रमाने. कधी जोर्जा पुढे, कधी मार्विक. प्रत्येक आकड्याला वीजी माझं मनगट दाबत होता. शेवटच्या परीक्षकाचे गुण उरले तेव्हा मार्विक पाच गुणांनी पुढे होती. ग्रेझ्यू उभाच होता.

“मार्विक कुतायार, सहा,” निवेदिका म्हणाली.

आमच्या बाकांवरचे रुमाल खाली आले. कागदवाल्यांनी बेरीज आधीच केली होती, ते ओरडायला लागलेही. जोर्जाला बारा. एका गुणाने ती जिंकली.

सातही दिले असते तरी बरोबरी होती.

मग निवेदिकेने रिवाजाप्रमाणे परीक्षकांना रंगमंचावर बोलावलं. दिवे लागले. ती माणसं एका रांगेत बाहेर आली, आणि त्यात तपकिरी कोटातली जेम्मा होती. वीजीने माझं मनगट सोडलं.

कुठला क्रमांक कोणाचा हे कोणीच सांगितलं नव्हतं, सांगणारही नव्हतं. तिला घरी सोडायला गाडी होती. तिने ती घेतली नाही. आमची बस सुटायच्या बेतात असताना ती पायऱ्या चढून आत आली. गाडीवाल्याला ती म्हणाली होती, मी हाल मिरोहून आले, हाल मिरोबरोबर जाणार. बसमध्ये कोणी सरकून जागा दिली नाही. ती ड्रायव्हरच्या पाठीमागच्या दांडीला धरून उभी राहिली, आमच्याकडे तोंड करून. मार्विक पुढच्या बाकावर झग्यावरच बापाचा कोट घालून बसली होती.

गाव जवळ आलं. शेवटी वीजीनेच विचारलं, मागून, सगळ्यांना ऐकू जाईल असं. “शेवटची तू होतीस?”

ती नाही म्हणू शकली असती. बसमधल्या अर्ध्या लोकांना तिने नाही म्हणावं असंच वाटत होतं, मला तर वाटतच होतं. ग्रेझ्यूलाही फक्त खुर्ची ठाऊक होती, क्रमांक नाही.

“हो,” ती म्हणाली. “मीच होते.”

मार्विकने मान खाली घातली. मागून एका बाईने शिवी दिली. ड्रायव्हरने रेडिओ लावला आणि लगेच बंद केला.

पहाटे गरुडवाल्यांनी बार उडवले. गोझोच्या मुलीशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता, पण तारा हरला होता ना. घराघरांतली काच वाजली. मागोमाग गरुडाचे दोन पुढारी जेम्माच्या दारात मधाच्या कड्या नावाच्या मिठाईचा डबा घेऊन आले, आमच्या क्लबात ये, तुझा सत्कार करू म्हणाले. तिने डबा परत केला. त्यामुळे दुपारपर्यंत गावातले दोन्ही क्लब तिच्यावर चिडले होते, आणि दोन्ही क्लब एका गोष्टीवर चिडण्याचा गावाच्या इतिहासातला हा बहुधा एकमेव प्रसंग.

नंतरचे आठवडे वाईट गेले. ताराच्या बायका औषधं आणायला शेजारच्या गावी जाऊ लागल्या. ज्यांना चालवत नव्हतं त्या माझ्याकडे यायच्या आणि जेम्मा समोर असली तरी “सुर नार्दू आहेत का?” विचारायच्या. तिच्या दाराला कोणीतरी काळ्या रंगाने सहाचा आकडा काढला. तिने पुसला, पुन्हा काढला गेला, मग तिने पुसायचं सोडलं. ग्रेझ्यूने मला निरोप पाठवला की दुकानाला नवीन माणूस हवा असेल तर त्याची भाची मोकळी आहे. मी उलट निरोप दिला की भाचीला सांगा, जागा झाली की कळवीन. जागा झाली नाही.

सगळ्यात जास्त तिला घरातलं लागलं. तालमीला गेलेल्या वीजीला त्याची खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवलेली दिसली. तो तसाच बसून वाजवून आला. घरी येऊन म्हणाला, “सहा दिलेस त्याचं नाही. मला सगळ्या गावाबरोबर कळलं, त्याचं आहे.” त्यानंतर तो जेवायचा, ताट उचलायचा, आणि कशाला किती ते सांगायचा नाही.

मार्विक दुकानात आली ती ईस्टरआधीच्या उपवासाच्या, लेंटच्या दिवसांत, दुपारच्या बंदच्या जरा आधी. तिच्या हातात घशाच्या डॉक्टरची चिठ्ठी होती. जेम्माने औषध काढलं, कसं घ्यायचं सांगितलं. मुलगी हलेना.

“जेम्मामावशी, माझं काय चुकलं?”

मी आत जायला वळलो. जेम्मा म्हणाली, थांबा, तुम्हीही ऐका. मग तिने मुलीला सगळं सांगितलं, पट्टीचं, शेवटच्या सुराचं, दुसऱ्या कडव्याचं. काही लपवलं नाही, काही गोडही केलं नाही. मार्विक ऐकत होती आणि तिचे डोळे बारीक होत होते.

“म्हणजे हे तुम्हाला क्लबात ऐकलं तेव्हाच माहीत होतं.”

“हो.”

“अजून आठवडा होता. पट्टी उतरवता आली असती. बाबांनी तुम्हालाच विचारलं होतं, सगळ्यांसमोर. तुम्ही झगा सुंदर आहे म्हणालात.”

“मी शब्द दिला होता, पोरी. परीक्षकाने एकाच मुलीला शिकवायचं नसतं.”

“मग तुमचा शब्द राहिला,” मार्विक म्हणाली, “आणि माझा गळा गेला.” तिने पैसे ठेवले आणि गेली.

जेम्माने ते पैसे उचलले नाहीत. मी म्हणालो, पोर रागात बोलली. ती म्हणाली, “रागात बोलली, पण खोटं काय बोलली?”

मे महिन्यात जोर्जा युरोपसमोर गायली आणि मधल्या कुठल्यातरी क्रमांकावर आली. इतर वर्षी माझ्या दुकानामागच्या अंगणात सगळा गाव टीव्ही लावून बसायचा. त्या वर्षी जेम्मा, मी आणि पाद्रीबाबा, तिघंच. पाद्रीबाबा अर्ध्यात झोपले.

मग ऑगस्ट आला, आमच्या संताची जत्रा. ताराचा बँड सगळ्या गावातून निघतो आणि वाजवणाऱ्या प्रत्येकाच्या दारात थांबून एक धून वाजवतो. बॉम्बार्डिनला दुसरं माणूस नव्हतं, म्हणून वीजी बँडमध्ये होताच. जेम्माने सकाळीच दार धुतलं, ताटात बदामाचे गोळे आणि ग्लासांत थंड वाइन मांडली, नेहमीसारखी. मी समोरच्या फुटपाथवर उभा होतो. रस्त्यावर माणसं दाटली होती आणि सगळ्यांना एकच बघायचं होतं.

बँड वळणावर दिसला. पुढे ग्रेझ्यू, पांढऱ्या कपड्यांत. जेम्मा ताट घेऊन उंबऱ्यात आली. ग्रेझ्यूने तिच्याकडे पाहिलं नाही. त्याने हात केला, चला, आणि बँड वाजवत सरळ पुढे निघाला. पहिली रांग गेली, दुसरी गेली. ती ताट धरून उंबऱ्यातच उभी राहिली.

तिसऱ्या रांगेत वीजी होता. तो दारासमोर आला आणि थांबला. मागचा तुतारीवाला त्याच्यावर आदळला. वीजीने ओठांवरून वाद्य काढलं, रांगेतून बाहेर पडला, दोन पायऱ्या चढला, ताटातला एक ग्लास उचलून रिकामा केला आणि बॉम्बार्डिनसकट घरात गेला. जेम्मा त्याच्यामागे गेली. दार लागलं. बँड पुढे जात राहिला, पण खालचा सूर नसल्यामुळे वाजणं सगळं पोकळ झालं होतं, आणि ते वळण घेईपर्यंत ऐकू येत होतं.

तारावाले त्याला न्यायला आले ते दोन जत्रांनंतर. तो गेला, पण खुर्ची कुठे ठेवायची ते आधी स्वतः बघून. ग्रेझ्यूचं अध्यक्षपद गेलं, तेही जेम्मामुळे नाही, क्लबच्या छपराच्या कामावरून. मार्विक आणखी दोनदा निवड फेरीत उतरली, खालच्या पट्टीतली गाणी घेऊन. जिंकली नाही. आता ती सेंट ज्युलियन्सच्या एका हॉटेलात आठवड्यातून तीन रात्री गाते, तिथे लोक तिच्यासाठी येतात. जेम्मा कधी गेली नाही. मी जाऊन आलो तेव्हा मात्र मला कोपऱ्यात उभं करून विचारलं, कुठली गाणी, कुठल्या पट्टीत, शेवटी दम उरतो का. उरतो, मी म्हणालो.

परीक्षक होण्यासाठी तिला पुन्हा एकदा फोन आला होता. नवऱ्याला सांगू द्याल तर येते, असं ती म्हणाली, आणि त्यांनी नाही म्हटल्यावर आभार मानून फोन ठेवला.

तिने काम सोडलं त्या वर्षी, कपाटं आवरता आवरता मी तिला विचारलं, पुन्हा तीच संध्याकाळ आली तर सहाच देशील का?

“नाही,” ती म्हणाली. “पाच.”

मला नीट ऐकू आलं नाही असं वाटलं.

“पाचच व्हायला हवे होते, सुर नार्दू. झेब्बुज गावचा एक मुलगा होता, पिवळ्या शर्टातला, इलारियो नाव. सहा त्याचे होते. मी लिहिलेही होते. मग बापाची शवपेटी डोळ्यांसमोर आली आणि मी दोघांच्या आकड्यांची अदलाबदल केली, मार्विकला सहा, त्याला पाच.” ती फडक्याने फळी पुसत होती. “तो तसाही खालीच राहिला असता. त्याच्या गावाने मला काही म्हटलं नाही. त्यांना माहीतच नाही.”

तेवढ्यात दुकानात गिऱ्हाईक आलं, कानाचे थेंब मागत. ती फडकं ठेवून पुढे गेली.